इंग्लंडमध्ये लेकराला ताप चढतो तेव्हा

नव्यानं आलेल्या घरांतून मला रात्री फोन येतो तो बहुतेक एकाच गोष्टीसाठी: "ताई, बाळ तापानं फणफणलंय, आणि इथं डॉक्टर भेटतच नाहीत."

म्हणून आधी हे करा. आल्याआल्या घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, सगळ्यांची नावं नोंदवा. पैसे पडत नाहीत. घर लावायच्या गडबडीत हेच मागे राहतं.

थर्मामीटर इथलाच डिजिटल घ्या, कारण फोनवर "एकशे दोन" म्हटलं तर समोरच्याला कळत नाही. इथं सेल्सियस चालतं, आपलं फॅरनहाइट: 38 म्हणजे आपला 100.4, 40 म्हणजे 104.

रात्री-अपरात्री 111 लावा, ही सरकारी आरोग्यसेवेची हेल्पलाइन. फुकट आहे, इंग्रजीत अडखळत असाल तर दुभाषी मागा. 3 महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 किंवा वर ताप असेल, 3 ते 6 महिन्यांच्या बाळाला 39 किंवा वर असेल, तर लगेच लावा. मोठ्या मुलाचाही ताप 5 दिवस अंगावर काढू नका. आकडी आली, श्वास लागला, मूल जागंच होईना, किंवा अंगावरचं पुरळ काचेचा ग्लास दाबूनही फिकं पडेना, तर थेट 999, म्हणजे अँब्युलन्सचा नंबर.

क्रोसिन आणि इथलं कॅलपॉल, दोन्ही पॅरासिटामॉलच. सामानातून आणलेलं एक आणि दुकानातलं दुसरं असं दोन्ही पाजू नका. बाटलीवर वयाप्रमाणे लिहिलेला डोस सोबतच्या सिरिंजनं मोजायचा, घरातल्या चमच्यानं नाही. 24 तासांत जास्तीत जास्त चारदा. 16 वर्षांखाली अ‍ॅस्पिरिन नको.

आणि मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या? माझ्या आईनं रात्रभर ठेवल्या होत्या, मला त्यांचा स्पर्श आठवतो. पण इथले डॉक्टर पाण्यानं अंग पुसायला नको म्हणतात. गोधडीत गुंडाळूही नका. साधे कपडे घाला, पाणी थोडं थोडं पाजत राहा.

माझा मुलगा दोन वर्षांचा असताना 39.6 ताप घेऊन आम्ही गेलो. डॉक्टरांनी त्याचा सदरा वर करून बरगड्या आत ओढल्या जातात का ते पाहिलं, नखावर बोट दाबून रंग परत किती वेळात येतो ते पाहिलं, सकाळपासून किती नॅपी ओल्या झाल्या ते विचारलं. मग म्हणाले, व्हायरल आहे, घरी न्या. ना इंजेक्शन, ना अँटिबायोटिक. मी रडकुंडीला आले होते. पण व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही, आणि आकड्यापेक्षा त्यांनी पाहिलं तेच जास्त महत्त्वाचं होतं. तुम्हीही तेच बघा: श्वास, लघवी, मूल मध्येच डोळे उघडून ओळखतंय की मलूल पडलंय.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना आपण होऊन सांगायची. भारतातून येऊन महिने झाले असले तरी पहिल्याच वाक्यात सांगा, "आम्ही भारतात जाऊन आलोय." मलेरिया वर्षभरानंही डोकं वर काढू शकतो, आणि इथं तो सहज कुणाच्या मनात येत नाही. नुकतेच आला असाल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन हे तापाचं दुसरं औषधही देऊ नका.