जुना ट्रॅक्टर घ्यायचाय? आधी मिस्त्री शोधा, कंपनी नंतर

दर पंधरा दिवसाला कुणाचा तरी फोन येतोच, "एक जुना ट्रॅक्टर बघितलाय, स्वराज घेऊ का महिंद्रा?" आणि मी दरवेळी उलट विचारतो, तुमच्या तालुक्याला कुठल्या ट्रॅक्टरचा मिस्त्री बसतो? लोकांना वाटतं हा उत्तर टाळतोय. पण खरंच तिथूनच सुरुवात करायची असते. नव्या ट्रॅक्टरला वॉरंटी असते, शोरूमचा माणूस बांधावर येतो, पंधरा-वीस वर्षं चाललेल्या ट्रॅक्टरला यातलं काही नसतं. त्याच्या मागं आधीच्या मालकाचा हात असतो आणि पुढं तुमचा मिस्त्री. बॉनेटवरचं नाव या दोघांच्या नंतर येतं.

हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. आमच्या घरी पहिला जुना ट्रॅक्टर आला तो आण्णांना इंजिनचा आवाज आवडला म्हणून, कंपनीचं नाव सांगत नाही, ट्रॅक्टर तसा वाईटही नव्हता, पण आमच्या भागात तसले दोन-तीनच होते. मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, पेरणी सुरू केली आणि दुसऱ्याच दिवशी गिअर बॉक्समधलं बेअरिंग गेलं. तालुक्याला नाही, जिल्ह्याला नाही, शेवटी बाहेरून मागवलं, ते येईपर्यंत पाच दिवस गेले आणि मधेच पाऊस परत लागला. शेजाऱ्यांची सोयाबीन दोन पानांवर आली तेव्हा आम्ही भाड्याचा ट्रॅक्टर घेऊन पेरत होतो. बेअरिंग होतं काही शे रुपयांचं.

म्हणून ट्रॅक्टर बघायला जायच्या आधी एक दिवस तालुक्याच्या गॅरेज लाइनीत घालवा. स्पेअरच्या दोन-तीन दुकानांत जाऊन तुमच्या डोक्यात जे मॉडेल आहे त्याची क्लच प्लेट, वॉटर पंप आणि लिफ्टचं, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकचं, किट मागा. दुकानदाराने मागं वळून फळीवर हात घातला तर तो ट्रॅक्टर तुमच्या भागात चालतो. "उद्या मागवून देतो" म्हणाला तर ते लक्षात ठेवा, कारण सीझनमध्ये तो उद्या कधी तीन दिवसांनी येतो. मग मिस्त्रीकडे चहा घ्या, त्याच्याकडे कुठले ट्रॅक्टर उघडून पडलेत आणि कशापायी पडलेत ते बघा. एक मात्र आहे, ज्या कंपनीचे ट्रॅक्टर गावात जास्त त्याच कंपनीचे गॅरेजलाही जास्त दिसणार, तेवढ्यावरून तो खराब असं समजू नका. किती वर्षांनी आणि किती कामानंतर आलाय हे विचारा.

आता कंपन्यांकडे येऊ. मी मराठवाड्यातल्या काळ्या रानातला माणूस, माझं मत त्या मातीतलं आहे, कोकणातल्या भाताच्या खाचरात किंवा नाशिकच्या द्राक्षाच्या ओळींत गणित वेगळं.

महिंद्रा आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गावात सापडतो. १९६३ ला अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीशी जोडून सुरुवात झाली, नागपूरला कारखाना आहे, त्यामुळं विदर्भ-मराठवाड्यात मिस्त्रीच्या पोरालाही त्याचं इंजिन पाठ असतं. जुन्यात २६५ म्हणजे ३० एचपीचा, पेरणी, फवारणी आणि हलक्या ट्रॉलीला बास, आणि ४ सिलिंडरचा ५७५ म्हणजे ४५ एचपीच्या घरातला, रोटाव्हेटर, मळणी, ट्रॉली सगळं ओढणारा. ५७५ ला गिऱ्हाईक कायम असतं, त्यामुळं परत विकायला त्रास नाही, पण त्याच कारणानं घेताना तो कधी स्वस्तात मिळत नाही, आणि खूप स्वस्त मिळाला तर आत काय झालंय ते शोधा.

स्वराज हा माझा स्वतःचा आवडता आहे, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे माझं बोलणं त्या हिशोबानं घ्या. पंजाब ट्रॅक्टर्सने मोहालीत १९७४ पासून बनवायला सुरुवात केली, तंत्र आपल्याच देशातल्या इंजिनियर लोकांचं, आणि त्याच्या इंजिनाच्या कंपनीत आपल्या पुण्याच्या किर्लोस्करांची भागी होती. २००७ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स महिंद्राने घेतली, म्हणजे आज "स्वराज का महिंद्रा" हा वाद एकाच घरातल्या दोन भावांचा आहे. ७३५ आणि ८५५ दोन्ही ३ सिलिंडरचे, ७३५ चाळिशीच्या आतबाहेरचा आणि ८५५ पन्नाशीच्या पुढचा. बांधणी साधी, उघडायला सोपा, काळ्या रानात वजनाने जमीन धरतो. जुन्याला पॉवर स्टिअरिंग नसेल तर दिवसभर वळवून दंड भरून येतात, ते घरात कोण चालवणार यावर ठरवा.

मॅसी फर्ग्युसन १०३५ म्हणजे ३६ एचपीचा, सिम्पसनचं ३ सिलिंडरचं इंजिन, चेन्नईच्या टॅफे कंपनीचा. डिझेलला हलका म्हणून याचं नाव आहे आणि ते उगीच नाही. दहा-बारा एकर कोरडवाहू, मध्यम किंवा मुरमाड रान, पेरणी-कोळपणी-फवारणी एवढंच काम असेल तर मी डोळे झाकून मॅसीकडे बोट दाखवीन. पण अंगानं हलका आहे, भारी रानात पलटी नांगर खोल घातला की चाक फिरतं, टायरमध्ये पाणी भरून आणि वजनं लावून थोडं भागतं, सगळं भागत नाही.

जॉन डिअर पुण्याजवळ सणसवाडीला बनतो, सुरुवातीच्या गाड्यांवर एल अँड टी चं नावही दिसतं. ५३१० हा ५५ एचपीचा, ब्रेक ऑइलमधले, स्टिअरिंग पॉवर, चालवायला मोटारीसारखा मऊ. ऊसवाले आणि भाड्यानं रोटाव्हेटर मारणारे यावर खूश असतात. पण काम निघालं की पार्ट आणि मजुरी दोन्ही जड, आणि साध्या मिस्त्रीच्या हातात द्यायला नको, त्याचं गिअर बॉक्स-लिफ्ट माहीत असलेलाच पाहिजे. असा माणूस वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत असेल तरच जुना डिअर घ्या.

आयशर, फोर्ड, एचएमटी यांचं थोडक्यात सांगतो. आयशरचा ट्रॅक्टर धंदा २००५ ला टॅफेकडे गेला, पार्ट मिळतात, जुना १ सिलिंडरचा आयशर ट्रॉली आणि मळणीवाल्यांनी वर्षानुवर्षं वापरलाय. फोर्ड ३६०० ची ताकद अजून म्हातारी माणसं सांगतात, पण आता तो हौसेचा आणि ओळखीच्या मिस्त्रीचा ट्रॅक्टर झालाय. एचएमटी झेटर या चेक कंपनीच्या तंत्रावरचा, लोखंड दणकट, पण हरियाणातल्या पिंजोरचा कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ ला झाला, म्हणजे पार्ट आता जुन्या साठ्यातून नाहीतर बाहेरच्या बनावटीचे. स्वस्त मिळतो म्हणून भुलू नका, घरचाच कुणी फिटर असेल तर गोष्ट वेगळी.

कंपनी ठरली, आता गाडी. इथं सगळ्यात मोठा प्रश्न, हा ट्रॅक्टर आधी कशाला होता? मालक सांगेल "घरचीच शेती, जास्त चाललाच नाही". तासांचं मीटर बहुतेक बंदच असतं. तुम्ही मागं जाऊन ट्रॉलीचा हुक बघा. हुकाचं भोक गोल असायला पाहिजे, ते झिजून लांबट झालं असेल तर या ट्रॅक्टरनं ऊस ओढलाय, दोन-दोन ट्रॉल्या ओढल्यात, म्हणजे क्लच, ब्रेक, मागचे हब आणि गिअर बॉक्स यांनी सगळं सोसलंय. मग पीटीओ शाफ्ट, म्हणजे रोटाव्हेटर-मळणी फिरवणारा मागचा दांडा, हाताने हलवून बघा, दातं झिजलेले असतील आणि खूप खेळ असेल तर रोटाव्हेटर किंवा मळणीवर चाललाय. लिफ्टच्या खालच्या दांड्यांचे गोळे सैल म्हणजे नांगरट जास्त. मालकाचं तोंड काही सांगो, लोखंड खरं सांगतं. आणि इंजिन व गिअर बॉक्स जिथं जोडतात त्या बेल हाउसिंगला वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला तर तिथंच थांबा, ते फुटलेलं असू शकतं.

बघायला सकाळी लवकर जा आणि न सांगता लवकर जा. पोचल्या पोचल्या इंजिनला हात लावा, गरम असेल तर आधीच चालू करून ठेवलाय, का ते विचारा. थंड इंजिन एका-दोन सेल्फमध्ये उठलं पाहिजे. उठल्यावर थोडा पांढरा धूर चालतो, पण गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर ऑइल खातोय, रिंग-लायनर गेलेत. ऑइल भरायचं झाकण काढून बघा, तिथनं भसाभस वाफ आणि धूर येत असेल तर इंजिनचं काम जवळ आलं. दांडी काढून ऑइल बघा, दुधासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं, गरम असताना कधीच नाही, पाण्यावर ऑइलचा तवंग दिसला किंवा चालू केल्यावर बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट किंवा हेडच गेलंय.

मग शेतात न्या. रस्त्यावर एक चक्कर मारून सौदा करणारे खूप बघितलेत आणि नंतर तेच रडतात. नांगर किंवा रोटाव्हेटर जोडायला लावा, नसेल तर शेजाऱ्याचा मागा. लोडवर गिअर निसटतो का, चढावर क्लच घसरतो का, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून जागच्या जागी वळतो का. अवजार वर उचलून इंजिन बंद करा आणि बघत राहा, हळूहळू खाली आलं तर चालतं, पण इंजिन बंद करताच धपकन बसलं तर लिफ्टच्या आतलं काम आहे. अवजार वर असताना त्याच्याखाली कुणी पाय घालू नका, लहान पोरं तर लांबच ठेवा. पुढचं चाक जॅकवर उचलून हलवा, स्पिंडलचे बुश आणि बेअरिंग कळतात.

अजून एक गोष्ट जी लोक विचारतच नाहीत, क्लच सिंगल आहे का ड्युअल. सिंगल क्लचमध्ये गिअर बदलायला क्लच दाबला की पीटीओपण थांबतो, मळणी किंवा रोटाव्हेटर करणाऱ्याला याचा दिवसभर वैताग. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार सापडू शकतात, म्हणून नावावर जाऊ नका, चालवूनच बघा.

टायर शेवटी बघा पण हिशोबात आधी धरा. मागची नवी जोडी आजकाल ४०-५० हजार सहज खाते. दोन ट्रॅक्टरमध्ये तीस हजाराचा फरक असेल आणि स्वस्तवाल्याचे टायर गुळगुळीत असतील तर तो स्वस्त नाहीच.

कागदाचं सोडून इंजिनमागं लागणारे जास्त फसतात. आरसी बुकावरचा चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः पुसून, बॅटरी मारून जुळवून बघा, ठोकून बदललेला वाटला तर पाय मागं घ्या. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव असेल तर त्यांची एनओसी आणि फॉर्म ३५, म्हणजे आरसीवरचा बोजा उतरवायचा कागद, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, "हप्ते भरलेत, कागद नंतर देतो" यावर कधीच नाही. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या. पंधरा वर्षं झालेली असतील तर नोंदणी पुढं वाढवलीय का ते बघा, दुसऱ्या राज्यातला असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, ती सोबत घेत असाल तर तिचेही कागद मागा.

वेळ पण साधायची असते. पाडव्याला आणि दसऱ्याला लोक नवे ट्रॅक्टर घेतात आणि जुने एक्सचेंजला शोरूमच्या मागं येऊन उभे राहतात, सण झाल्यावर आठ-दहा दिवसांनी गेलात तर निवडायला भरपूर असतं. मार्च-एप्रिलमध्ये साखर कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप संपलं, की उसावरचे ट्रॅक्टर विकायला निघतात, तेव्हा हुकाचं भोक दोनदा बघा. आणि मे अखेरीस, पेरणी तोंडावर असताना तर जाऊच नका, तेव्हा गरज तुमची असते आणि समोरच्याला ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतं.

मिस्त्रीला सोबत न्या, त्याची दिवसाची मजुरी द्या, आणि विकणाऱ्याकडून त्याला काही मिळणार नाही याची खात्री करा, म्हणजे मिस्त्री तुमच्या ओळखीचा पाहिजे, एजंटाने आणलेला नको. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, डिझेलचे दोन्ही फिल्टर, एअर क्लीनरमधलं ऑइल आणि गिअर-लिफ्टचं ऑइल बदला, आधीच्या मालकानं कालच बदललंय म्हटलं तरी. काढलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळा आणि फडक्यावर लोखंडाचा चुरा किती राहतो ते मिस्त्रीला दाखवा, त्यावरून पेरणीच्या आधी काय उघडायचं ते तो सांगेल.