दिवाळी हॅम्परचा घरगुती धंदा: पैसे कुठे कुठे जातात

घरून हॅम्पर सुरू करायला किती पैसे लागतात असं या महिन्यात तिसऱ्यांदा कुणीतरी विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी ४० हजार घेऊन उतरले आणि पहिल्याच दिवाळीत तोंडावर आपटले.

टोपल्या, रिबन, श्रेड पेपर, ग्लू गन हे सगळ्यांना सुचतंच. पुण्यात असाल तर बोहरी आळी, बांबूच्या टोपल्यांना बुरूड आळी, सुकामेव्याला मार्केटयार्ड. टोपल्या शंभराला चार-पाच जास्तच घ्या, काडी निघालेली एखादी निघतेच. श्रिंक रॅपला (गरम केलं की आवळून बसणारं प्लास्टिक) हीट गन लागते, हेअर ड्रायरने होत नाही, मी करून बघितलंय, रॅप तसाच राहिला आणि ड्रायर गेला.

माझा हिशोब असा होता: ६० हॅम्पर, आतला माल ४२० चा, टोपली-पॅकिंग १५० चं, विक्री ७५०. सुटले १८० रुपये, म्हणजे एकूण १०,८००. त्यातून सँपल, लेबलं, हीट गन वगैरेचे ५,८०० गेले. राहिले पाच हजार. पहिल्या वर्षी ठीक म्हटलं.

आणि मग कुरिअर.

टोपली हातात उचलून "दोन किलो असेल" असं म्हणू नका. कुरिअरवाले काट्यावरचं वजन आणि व्हॉल्यूमेट्रिक वजन (खोक्याच्या आकारावरून काढलेलं) यात जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५००० (काहींचा भागाकार वेगळा असतो, बुकिंगच्या आधी विचारा). माझं हॅम्पर काट्यावर १.९ किलो. बाहेरचा खोका ४० बाय ३० बाय ३०. करा बरं गुणाकार. ७.२ किलो! आणि उंची ३० कशामुळे, तर हँडलमुळे. टोपली स्वतः जेमतेम १४ सेंटिमीटर, त्याच्या वर नुसती ती गोल वाकवलेली बांबूची पट्टी, तिला मी हौसेने सोनेरी लेस गुंडाळलेली, आणि पट्टीखाली हवा. नागपूर, बंगळूरपर्यंत मी हवा पाठवली, पैसे देऊन.

गिऱ्हाइकांकडून मी कुरिअरचे १२० घेतले होते. बिल सरासरी ४१० ने आलं, तेही भाऊबीज उलटल्यावर, तेव्हा कुणाकडे मागणार? २२ पार्सलं होती, २९० प्रमाणे ६,३८० खिशातून. म्हणजे पाच हजार कमावले आणि वर तेराशे ऐंशी घातले.

म्हणून टोपली विकत घ्यायच्या आधी टेप घेऊन दुकानात जा. शिवणाच्या डब्यातली चालते. दुकानदार बघत राहतो, बघू दे. आणि टोपलीचं नाही, ज्या खोक्यात ती जाणार त्याचं माप धरा. बाहेरगावी जाणाऱ्या मालाला हँडल नकोच, चपटा डबा घ्या, ३० बाय २२ बाय १० चा डबा त्याच भागाकाराने १.३२ किलोत बसतो. हँडलवाल्या टोपल्या गावातल्या गावात.

कागदपत्रं. खाण्याचं काही घालणार असाल तर एफएसएसएआय (सरकारी अन्नसुरक्षेची नोंदणी), छोट्या धंद्याचं रजिस्ट्रेशन मी काढलं तेव्हा वर्षाला १०० रुपये होतं, त्यात काय टाळायचं. सुटे काजू-बदाम स्वतःच्या पाऊचमध्ये भरले की त्यावर वजन, तारीख, एमआरपी, लायसन्स नंबर सगळं आलं. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्यांची सरकारी नोंद) फुकट आहे, पैसे मागणाऱ्याला देऊ नका. जीएसटीचं मात्र नीट ऐका. वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत लागत नाही असं जो तो सांगतो, पण माल राज्याबाहेर विकला की ती सूट गेली. आणि रजिस्ट्रेशन असेल तर एका किमतीला विकलेल्या मिक्स हॅम्परला आतल्या सगळ्यात महाग रेटवाल्या वस्तूचा रेट लागतो. सुकामेवा ५ टक्क्यांत, त्यात १८ टक्केवाली परफ्यूमची बाटली टाकली की अख्खं हॅम्पर १८ मध्ये. सीएला एकदा विचारा, त्याची फी पण खर्चात धरा.

चॉकलेट ऑक्टोबरच्या उन्हात वितळतं. उटणं सांडतं, डबल पिशवी. पणत्यांना बबल रॅप, आणि बबल रॅपने खोका फुगतो, म्हणजे परत मापाची टेप लावा, कळलं ना का ते.

ऑर्डरीला निम्मा अॅडव्हान्स, ओळखीचे असले तरी. कंपन्यांची ऑर्डर मोठी दिसते पण पैसे दीड-दोन महिन्यांनी येतात, तोवर मालवाल्याला काय देणार ते बघा. हाताखाली एखादी मुलगी लागेलच शेवटचे चार दिवस, तिची मजुरी. फोटो मोबाईलवर काढा. कुरिअरचा रेट व्हॉट्सअॅपवर लेखी मागवा, मापासकट.