कार्डं किती लागतील? बिटरेटवरून मांडायचा हिशेब

शूटच्या आदल्या दिवशी नव्या असिस्टंटला हमखास विचारलं जातं: कॅमेऱ्याची मेमरी कार्डं किती घ्यायची? 'फोर-के आहे, म्हणजे जास्त लागतील' हे काही उत्तर नाही. ३८४० × २१६० ला, सेकंदाला २५ फ्रेमवर, एक्सएव्हीसी इंट्रा क्लास ३०० या कोडेकचा (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लिहिला जाणारा डेटा, २५० मेगाबिट असतो आणि प्रोरेस ४२२ एचक्यूचा ७३७. रिझोल्यूशन तेच, फ्रेमरेट तोच, पण जागेत जवळजवळ तिपटीचा फरक. त्यामुळे आधी कोडेक आणि फ्रेमरेट पक्का करा आणि बिटरेट उत्पादकाच्या तक्त्यातून घ्या, आठवणीतून नको.

एक आकडा मात्र पाठच करा: ०.४५. मेगाबिट प्रति सेकंदाला ०.४५ ने गुणलं की तासाला किती गिगाबाइट लागतील ते मिळतं. (८ ने भागून बाइट, ३६०० ने गुणून तास, १००० ने भागून गिगाबाइट, सगळं मिळून ०.४५.) ७३७ चे होतात ३३२ जीबी, २५० चे ११२.५. नवखे लोक अडकतात ते बिट आणि बाइटमध्ये. कोडेकचा तक्ता मेगाबिटमध्ये असतो, कार्डावरचा वेग मेगाबाइटमध्ये. ७३७ मेगाबिट म्हणजे ९२ मेगाबाइट. व्ही९० या वेगाच्या वर्गातलं कार्ड सलग लिहिण्याची हमी देतं सेकंदाला ९० मेगाबाइटची, म्हणजे नेमकं दोनाने कमी पडतं. कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेकदा वाचण्याचा असतो. त्यावर भिस्त ठेवली की रेकॉर्डिंग मध्येच थांबतं किंवा फ्रेम गळतात. कॅमेरा उत्पादकाच्या यादीत नसलेलं कार्ड घेऊच नका.

तक्ता हाताशी नसेल आणि व्हिडिओ अनकम्प्रेस्ड किंवा न दाबलेला रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा) असेल, तर गणित स्वतः मांडता येतं: रुंदी × उंची × प्रत्येक पिक्सेलचे बिट × सेकंदाच्या फ्रेम. १० बिट ४:२:२ मध्ये (रंगाची माहिती अर्ध्याच पिक्सेलसाठी ठेवणारी पद्धत) एका पिक्सेलला सरासरी २० बिट. १९२० × १०८० × २० × २५ म्हणजे १०३.६८ कोटी बिट, तासाला ४६७ जीबीच्या आसपास. बेयर सेन्सरच्या रॉमध्ये मात्र प्रत्येक पिक्सेल एकच रंग टिपतो आणि बाकीचे रंग नंतर काढले जातात, म्हणून १२ बिट रॉला पिक्सेलमागे १२ च बिट धरायचे, ३६ नाहीत. ही चूक भल्याभल्यांकडून होते आणि अंदाज तिप्पट फुगतो.

आवाजाचं ओझं थोडंच: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक चॅनल १.१५ मेगाबिट. चार चॅनलचे ४.६. प्रोरेसपुढे नगण्य, पण ५० मेगाबिटच्या एमपेग एचडी ४२२ शेजारी तेच नऊ टक्के होतात.

फ्रेमरेट दुप्पट झाला की इंट्रा कोडेकची (प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे दाबणारा) जागाही साधारण दुप्पट होते. स्लो मोशनमध्ये घोटाळा घड्याळाचा असतो. २५ च्या प्रोजेक्टमध्ये १०० फ्रेमवर १० मिनिटं शूट केलं, तर क्लिप ४० मिनिटांची होते आणि जागाही ४० मिनिटांचीच खाते. कार्ड मात्र भरतं १० मिनिटांत, म्हणून लिहिण्याचा वेगही चौपट लागतो.

आता दिवसाचा हिशेब. दोन कॅमेरे, प्रत्येकी ३ तासांचं फुटेज, ७३७ मेगाबिट: ३३२ × ६ = १९९२ जीबी. '२ टीबीची डिस्क पुरेल' असं वाटतं, पण मग ८ जीबीच उरतात. तीच डिस्क विंडोज १.८१ टीबी दाखवतं, कारण ते १०२४ च्या पटीत मोजतं. मॅक १००० च्या पटीत. डिस्क काही लहान झालेली नसते, पण दोन मोजमापं एकाच हिशेबात मिसळली की आकडा चुकतो. आमचा शिरस्ता: २० टक्के वर धरायचे आणि दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी, म्हणजे प्रत्येकी २.४ टीबी मोकळी जागा.

कॉपीला लागणारा वेळही याच आकड्यातून निघतो. गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात ११० मेगाबाइटच्या आसपास मिळतात, म्हणजे १९९२ जीबीला पाच तास. ४०० मेगाबाइटने लिहिणाऱ्या एसएसडीवर दीड तासाच्या आत. चेकसम (कॉपी मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का हे सांगणारा आकडा) तपासायचा तर डेटा पुन्हा वाचावा लागतो, तो वेळ वेगळा धरा. तो जुळेपर्यंत कार्ड फॉर्मॅटला द्यायचं नाही, म्हणून तेवढी जादा कार्डं पहिल्या दिवसाच्या यादीतच हवीत.