चित्र ‘कळलं’ म्हणायच्या आधी या चुका टाळा

व्यंगचित्र, फोटो आणि जाहिरात कशी वाचायची हे मी कॉलेजच्या पोरांना शिकवतो, अधूनमधून शिक्षकांचीही वर्कशॉप्स घेतो, आणि सगळीकडे त्याच त्याच चुका बघून आता खरंच वैताग आलाय. म्हणून एकदाच लिहून टाकतो. पोरं हुशार आहेत, प्रश्न तो नाहीच, पण घाई एवढी की स्क्रीनवर चित्र नीट उमटायच्या आत कुणीतरी हात वर करून ‘सर, यातून असा संदेश मिळतो की...’ सुरू करतं.

बघायच्या आधीच अर्थ सांगून मोकळं होणं

सगळ्यात मोठी चूक हीच. अबू अब्राहम यांचं १० डिसेंबर १९७५ ला इंडियन एक्सप्रेसमध्ये आलेलं व्यंगचित्र मी नेहमी दाखवतो. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये आहेत, अंगावर कपडे नाहीत, टबातूनच हात लांब करून कागद आणि पेन देतायत आणि म्हणतायत की आणखी वटहुकूम असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा. मी शब्द झाकून आधी नुसतं चित्र दाखवतो आणि पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘नेते जनतेच्या पैशावर मजा मारतात’. टब दिसला की ऐशाराम, झालं, संपलं!

अरे पण त्या माणसाच्या हाताकडे बघा ना. मजा मारणारा माणूस आंघोळ करता करता सह्या कशाला करेल? त्याला आंघोळसुद्धा धड करू देत नाहीयेत, कागदांची एवढी घाई आहे. अंगावर कपडे नाहीत म्हणजे पदाचा सगळा रुबाब काढून घेतलाय, उरलाय तो फक्त सही करणारा हात. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो, हे कागद पाठवतंय कोण? इथे मात्र तुम्हाला त्या वर्षाची माहिती लागते. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर याच राष्ट्रपतींनी सही केली, इंदिरा गांधींच्या सल्ल्यावरून, आणि मंत्रिमंडळाला ते कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. हे माहीत असलं की टब ऐशारामाचा राहत नाही, आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला असताना हे छापून आलं म्हणजे काय झालं तेही समजतं.

माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. चित्र समोर आलं की मी वहीत आधी नुसत्या वस्तू लिहितो. टब, हात, कागद, पेन. मग कोण काय करतंय ते. त्यानंतर कोण कुणाकडे बघतंय. ‘प्रतीक’, ‘संदेश’, ‘भाष्य’ हे शब्द तोपर्यंत तोंडातून काढायचे नाहीत. व्यंगचित्राखालची ओळ मी हाताने झाकतो आणि चित्र बघून झाल्यावरच वाचतो, कारण ओळ आधी वाचली की डोळे फक्त तिला दुजोरा शोधत बसतात. आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रात कॉमन मॅन कुठे उभा आहे ते शोधायची सवय लावा, तो बोलत नाही पण तो कुठल्या कोपऱ्यात आहे आणि नक्की कुणाकडे बघतोय त्यावर बरंच काही असतं. आणि ज्यांना अगदी सुरुवात करायचीय त्यांनी राजकीय व्यंगचित्रांच्या वाटेला लगेच जाऊच नये, शि. द. फडणीसांची शब्दांशिवायची चित्रं घ्यावीत. तिथे आधार घ्यायला ओळच नसते त्यामुळे बघावंच लागतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांची चित्रं बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात पाहिलेली आहेत, फक्त तेव्हा नाव माहीत नव्हतं.

फोटोसोबत आलेली गोष्ट म्हणजेच फोटो असं समजणं

ही माझी दुसरी दुखरी नस. फोटोग्राफर केव्हिन कार्टर यांचा सुदानमधला फोटो तुम्हाला माहीत असेलच, दुष्काळात जमिनीवर वाकलेलं मूल आणि मागे बसलेलं गिधाड. मार्च १९९३ चा फोटो, न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आला, पुढच्या वर्षी पुलित्झर हा पत्रकारितेतला मोठा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये कार्टर यांनी आयुष्य संपवलं. यावर एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं मराठीत फिरतंय, कुणीतरी कार्टरना फोन करून विचारतं तिथे गिधाडं किती होती, ते म्हणतात एक, आणि समोरचा सुनावतो की नाही दोन, दुसऱ्याच्या हातात कॅमेरा होता. फोन कुणी केला, कधी केला, काही पत्ता नाही.

एका कॉलेजात (नाव नको) फोटो पत्रकारितेच्या प्रोजेक्टमध्ये एका ग्रुपने हेच फॉरवर्ड जसंच्या तसं वाचून दाखवलं. हॉल एकदम शांत, मग जोरात टाळ्या, पुढच्या रांगेतले प्राध्यापकसुद्धा हलले होते. मी म्हटलं ठीक आहे, आता फोटोत काय दिसतंय ते सांगा. मूल, गिधाड, कोरडी जमीन. अजून? काही नाही. मग बघितलं तर त्यांनी लावलेली इमेजच फॉरवर्डमधली, खालच्या भागावर लाल अक्षरांत सुविचार छापलेला आणि मुलाचे हात नेमके त्याखाली झाकलेले. मी लॅपटॉपवरून मूळ फोटो लावला, मोठा केला, आणि गप्प बसलो. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘सर, उजव्या मनगटात पट्टा आहे, हॉस्पिटलमध्ये बांधतात तसा.’

बरोबर! तो प्लॅस्टिकचा पट्टा म्हणजे त्या मुलाची संयुक्त राष्ट्रांच्या अन्नवाटप केंद्रात नोंद झालेली होती. म्हणजे मूल निर्जन वाळवंटात एकटं टाकलेलं नव्हतं, जवळपास मदत होती, माणसं होती, ती चौकटीबाहेर राहिली. गिधाडाला आपण हाकललं असं कार्टर यांनी सांगितलंय. २०११ मध्ये एल मुंदो या स्पॅनिश वर्तमानपत्राचे लोक त्या गावात गेले, मुलाचे वडील भेटले, तेव्हा कळलं की जिला सगळे मुलगी म्हणत होते तो मुलगा होता आणि त्या दुष्काळातून तो वाचला होता. पुढे मोठा झाल्यावर तापाने गेला. यामुळे फोटोतली भूक खोटी ठरत नाही, दुष्काळ होताच आणि तो भयानक होता. पण एका माणसाला गिधाड ठरवणारी गोष्ट आपण इतकी वर्षं पुढे ढकलतोय आणि मनगटाकडे कुणी बघितलं नाही, याचा मला खरंच त्रास होतो.

तेव्हा मजकूर छापलेली इमेज घेऊन अभ्यास करू नका. मूळ फोटो शोधा, रिव्हर्स इमेज सर्चला (म्हणजे फोटोच टाकून तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधायला) असा कितीसा वेळ लागतो. आणि चारही कडांवरून एकदा नजर फिरवा, कुणाचा अर्धा हात, सावली, कापलेला बोर्ड, काय काय सापडतं बघा.

लेन्सचंही तेच. लॉकडाउनमध्ये दादर मार्केटच्या गर्दीचे फोटो बघून सगळे चिडायचे. गर्दी व्हायचीही, पण दुरून टेलि लेन्सने (लांबचं जवळ ओढणाऱ्या) काढलेल्या फोटोत माणसं एकमेकांना खेटून उभी असल्यासारखी दिसतात. एप्रिल २०२० मध्ये डेन्मार्कच्या एका फोटो एजन्सीच्या फोटोग्राफर्सनी कोपनहेगनमधल्या त्याच जागा, तीच माणसं वाइड (जास्त रुंद भाग टिपणाऱ्या) आणि टेलि अशा दोन्ही लेन्सने काढून दाखवली. एकात ऐसपैस अंतर, दुसऱ्यात चेंगराचेंगरी. नुसती डोकी दिसत असतील, पाय आणि जमीन दिसत नसेल, तर अंतराबद्दल बोलू नका.

रंगांचे तक्ते पाठ करणं

लाल म्हणजे धोका, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे पर्यावरण. यूट्यूबवर दहा मिनिटांत शिकवतात आणि पोरं परीक्षेत लिहून येतात. दागिन्यांच्या मराठी जाहिरातीत नवरीच्या हातात हिरवा चुडा असेल तर त्यात कसलं पर्यावरण? आपल्याकडे पांढरी साडी आणि कोरं कपाळ एकत्र आलं की तो अर्थ कुठला हे आजीला विचारा, तक्त्यात मिळणार नाही. एआयला फोटो देऊन ‘एक्सप्लेन’ म्हणणारेही आता खूप झालेत. सुरुवातीला तरी नका करू, शिकायची गोष्ट उत्तर नाहीये, डोळे वापरणं आहे.

तारीख न बघणं. अमूलची मुलगी १९६६ पासून होर्डिंगवर आहे, होर्डिंग लागलं त्या आठवड्यात काय घडलं ते माहीत नसेल तर निम्मी गंमत गेली.

व्यंगचित्रातलं मोठं नाक, पोट बघून ‘चेहरा जमला नाही’ म्हणणं. काय मोठं केलंय आणि का, तेवढं विचारा.

जाहिरातीत फक्त वस्तू बघणं

घड्याळाच्या जाहिरातीत काटे बहुतेक वेळा दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास असतात, म्हणजे वर मधोमध असलेलं कंपनीचं नाव दोन काट्यांच्या मध्ये मोकळं राहतं. एवढ्याशा गोष्टीचाही विचार झालेला असतो, मग बाकीचं सहज पडलंय असं कसं समजता? गोरेपणाच्या क्रीमच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंत चेहरा सोडा आणि मागची भिंत बघा. अनेकदा तीही उजळलेली असते, म्हणजे प्रकाश बदललाय.

आणि फ्लॅटची जाहिरात! पुण्यात तर रोज पेपरमध्ये पानभर. कॉम्प्युटरवर केलेलं ते चित्र असतं, कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘कलात्मक संकल्पना’ लिहिलेलं असतं, आणि शेजारची बिल्डिंग, नाला, हायटेन्शनच्या तारा यातलं काही चित्रात नसतं, तिथे झाडं असतात. खोलीचा फोटो वाइड लेन्सचा असेल तर कडेचा सोफा ताणल्यासारखा लांब दिसतो, तो दिसला की खोलीही तेवढी मोठी नाही हे ओळखा. सॅम्पल फ्लॅटमध्ये गेलात तर बेडची लांबी हाताने मोजा, बऱ्याच ठिकाणी फर्निचर मुद्दाम लहान केलेलं असतं आणि आतल्या खोल्यांना दारंच लावलेली नसतात. चित्रातल्या माणसांकडेही बघा, कोण आहेत, काय वयाचे, घरात म्हातारी माणसं आहेत का, कामवाल्या मावशी दिसतात का. कुणाला घर विकायचंय ते तिथेच कळतं. मग जाहिरातीतला महारेराचा (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) क्यूआर कोड स्कॅन करा (१ ऑगस्ट २०२३ पासून तो छापावाच लागतो) आणि प्रोजेक्टचा मंजूर नकाशा उघडून चित्राशेजारी ठेवा, चित्रात झाडं दाखवलीत तिथे नकाशात काय आहे ते बघा.