पार्सलपोर्ट लिहिताना : बफर कधी सोडायचा?

एचपीएक्स या सी प्लस प्लस लायब्ररीत दुसऱ्या नोडवरचं (जोडलेल्या दुसऱ्या मशीनवरचं) फंक्शन चालवायचं असेल, तर ते फंक्शन आणि त्याचे आर्ग्युमेंट्स सीरियलाइज होऊन, म्हणजे बाइट्सच्या सलग ओळीत मांडले जाऊन, एक ‘पार्सल’ बनतं. ते पोचवणारा थर म्हणजे पार्सलपोर्ट. खाली काय वापरलंय त्यावरून त्याचे प्रकार पडतात : टीसीपी (नेहमीचं नेटवर्क), एमपीआय (प्रोसेसनी एकमेकींना संदेश पाठवण्याचं प्रमाण), एलसीआय (संदेश पाठवणारी आणखी एक लायब्ररी). हे काम शिकायचं म्हणून मी त्याच धर्तीवर एमपीआयवर चालणारा छोटा थर स्वतः लिहिला.

दोन दिवसांत पार्सलं जायला लागली. छोटी नीट पोचायची, मोठी मात्र अधूनमधून बिघडलेली निघायची. चार दिवस मी सीरियलायझेशन तपासत बसलो, आणि चूक निघाली बफरमध्ये, म्हणजे पाठवायचा डेटा ठेवलेल्या मेमरीत. संदेश पाठवणारं एमपीआय_आयसेंड हे फंक्शन लगेच परत येतं, पण तेव्हा फक्त पाठवायला सुरुवात झालेली असते. काम संपलं का ते सांगणारं एमपीआय_टेस्ट ‘झालं’ म्हणेपर्यंत त्या बफरला हात लावायचा नसतो. मी तो लगेच पुढच्या पार्सलला देत होतो. छोटा संदेश ‘ईगर’ पद्धतीने, बहुधा तिथल्या तिथे कॉपी होऊन निघून जातो, म्हणून चूक दिसतच नाही. मोठ्या संदेशाचा आधी नुसता निरोप जातो. समोरच्याने जागा तयार केली की मग मूळ बफरमधून डेटा उचलला जातो. याला रॉन्देवू म्हणतात. तोवर माझ्या बफरमध्ये भलतंच पार्सल येऊन बसलेलं असायचं! ईगर कुठे संपतं आणि रॉन्देवू कुठे सुरू होतं ती सीमा ओपन एमपीआय या एमपीआयच्या लायब्ररीत, सेटिंग बदललं नसेल तर, टीसीपीसाठी ६४ केबी असते आणि एकाच मशीनवरच्या शेअर्ड मेमरीसाठी ४ केबी. हेडरही त्यातच मोजला जातो, म्हणून सीमेच्या अलीकडचे-पलीकडचे बरेच आकार चालवून बघा.

दुसरा प्रश्न, एमपीआय_टेस्ट बोलवायचं कुणी? सगळे थ्रेड गणितात गुंतले तर ते बोलवायला कुणी उरत नाही आणि मोठी पार्सलं अडकून पडतात. एचपीएक्समध्ये रिकामे वर्कर थ्रेड हे काम करतात, आणि मला ती रचना फार आवडते. मात्र एकाहून जास्त थ्रेड एमपीआयला हाक मारणार असतील, तर सुरुवातीलाच एमपीआय_थ्रेड_मल्टिपल (अनेक थ्रेडना एकाच वेळी परवानगी देणारी पातळी) मागा आणि ते खरंच मिळालं का तेही तपासा.

इन्फिनिबँड हे वेगवान नेटवर्कचं कार्ड नाही म्हणून थांबू नका. तसं कार्ड सॉफ्टवेअरमध्ये उभं करणारं सॉफ्ट-रॉकी (Soft-RoCE) लिनक्स ४.८ पासून कर्नलमध्ये आहे. साध्या इथरनेटवर आरडीएमएचे (दुसऱ्या मशीनच्या मेमरीत थेट वाचण्या-लिहिण्याच्या पद्धतीचे) व्हर्ब्स, म्हणजे त्याची फंक्शन्स, शिकता येतात. वेग मिळणार नाही, पण मेमरी रजिस्टर करणं, कम्प्लिशन क्यू (संपलेल्या कामांची रांग) वाचणं हे सगळं हाताखालून जातं.

आजच सुरुवात करायची असेल तर लॅपटॉपवर दोन प्रोसेस उभ्या करा आणि एका बाइटपासून काही एमबीपर्यंत पिंगपाँग (संदेश पाठवायचा आणि तोच परत घ्यायचा) चालवा. वेळ मोजाच, पण प्रत्येक संदेशाचा चेकसमही (डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा) ताडून बघा.