निंबोळी पेंड घातली, तरी मुळांवर गाठी? या चुका टाळा

कुंडीत ओल आहे, तरी दुपारी टोमॅटो मान टाकतो आणि संध्याकाळी पुन्हा उभा राहतो. पहिल्या वर्षी मी अशा रोपांना पाणी वाढवत राहिले. शेवटी वैतागून एक उपटलं, तर मुळं हळकुंडासारखी गाठाळलेली! सूत्रकृमी, म्हणजे मातीत राहणारे, मुळांत शिरणारे धाग्यासारखे बारीक कृमी; शेतकरी ज्याला निमॅटोड म्हणतात तेच. मग निंबोळी पेंड (कडूनिंबाच्या बियांचं तेल काढल्यावर उरणारा चोथा) आणून प्रत्येक कुंडीत मूठभर टाकली. काडीचा फरक पडला नाही. मुलुंडच्या आमच्या गच्चीवर पुढची दोन-तीन वर्षं हेच चाललं. खोट पेंडीत नव्हती, माझ्या वापरण्यात होती.

आधी गाठ ओळखा. मेथी, चवळी, वाल यांच्या मुळांवरही गाठी येतात, पण त्या नत्र देणाऱ्या जिवाणूंच्या. नखाने सहज सुटतात, फोडल्या तर आत गुलाबी. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं. ती वेगळी काढता येत नाही. चांगली चवळी उगाच उपटून फेकलेली मंडळी मला माहीत आहेत. (त्यात मीही आले.)

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उभ्या रोपाला औषध म्हणून पेंड घालणं. सूत्रकृमीची अळी एकदा मुळात शिरली की पेंड तिथवर पोचत नाही. मादी मुळात बसून चिकट पुंजक्यात शेकडो अंडी घालते आणि मुंबईच्या उबेत साधारण महिन्याभरात पुढची पिढी तयार. पेंडीचं काम मातीत चालतं, तेही ती कुजताना. कुजताना अमोनिया आणि कडूनिंबाची कडू द्रव्यं सुटतात, ती मोकळ्या अळ्यांना भोवतात. शिवाय पेंडीवर पोसलेल्या काही बुरशी सूत्रकृमीची अंडी फस्त करतात. म्हणून लावणीच्या 15 ते 20 दिवस आधी पेंड मातीत नीट कालवायची आणि ओल टिकवायची. वर भुरभुरलेली कोरडी पेंड नुसती पडून राहते.

मूठ हे माप नव्हे. 10 किलो मातीला 50 ते 100 ग्रॅम, वाफ्यात चौरस मीटरला सुमारे 200 ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. जास्त घातली तर अमोनियाने कोवळी मुळं जळतात, आणि वासावरून शेजारचे दार वाजवतात ते वेगळंच.

मुंबईत घोळ होतो तो पावसाळ्यात. चार महिन्यांत 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणार. उघड्या गच्चीवर जुलैत घातलेली पेंड कुंडीच्या भोकातून वाहून जाते. मी सप्टेंबरअखेर, पावसाचा जोर ओसरल्यावर घालते आणि ऑक्टोबरात रोपं लावते. एप्रिल-मे महिन्यांत त्याआधीचं काम: माती ओली करून पातळ थरात पसरायची, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून 4 ते 6 आठवडे तापू द्यायची. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही.

दसऱ्यानंतर तोरणांचा झेंडू मातीत गाडून ‘आता सूत्रकृमी गेले’ म्हणणारेही भेटतात. त्याचं खत होईल, पण सूत्रकृमींना रोखणारं द्रव्य मुख्यतः जिवंत मुळांतून काम करतं. झेंडू त्या मातीत दोन-तीन महिने वाढवावा लागतो.

कोलंबी-खेकड्याची टरफलं आपल्याकडे फुकट मिळतात आणि ती खरंच कामाची आहेत. त्यांतलं कायटिन सूत्रकृमीच्या अंड्याच्या कवचातही असतं. टरफलं खाणारे जीव मातीत वाढले की ते अंड्यांकडेही वळतात. पण मीठ धुऊन काढा, कडकडीत वाळवून कुटा आणि 10 किलो मातीला 100 ग्रॅमच्या वर जाऊ नका. लावणीच्या महिनाभर आधी खोल कालवा. नाहीतर सोसायटीची मांजरं कुंड्या उकरतील. एरंडीची पेंड मात्र कुत्र्यांच्या आसपास अजिबात नको, ती खाल्ली तर त्यांना विषबाधा होते.

लाकडाचा भुसा एकटा घालू नये. तो कुजताना मातीतलं नत्रच ओढतो आणि रोपं पिवळी पडतात.

एवढं करूनही गाठी आल्या तर त्या बाहेरून आल्या का ते पाहा. मी एका नर्सरीतून आणलेल्या वांग्याच्या रोपांना पिशवीतच गाठी होत्या. तेव्हापासून विकत घेण्याआधी पिशवी हळूच ओढून मुळं बघते. वरच्या कुंडीचं पाणी खालच्या कुंडीत पडू देऊ नका, आणि गाठाळ मुळं घरच्या खताच्या डब्यात टाकू नका.

पेंड लागू पडली का, हे काकडी सांगते. तयार मातीत दोन बिया पेरा, चार आठवड्यांनी उपटून मुळं धुवा. पांढरी, सरळ निघाली तर टोमॅटो लावा. गाठ दिसली तर त्या कुंडीत यंदा झेंडू.