लाडका जावई योजनेचा फॉर्म कुठंच मिळत नाही: थट्टेची बातमी खरी धरणाऱ्यांनो, या चुका टाळा

तालुक्याच्या गावात सेवा केंद्र चालवणाऱ्याला रात्री व्हॉट्सॲपवर काय फिरलं ते सकाळी शटर वर करतानाच कळतं. दारात थांबलेल्या माणसाच्या हातातली कागदं बघायची. सातबारा अन् आधार असेल तर अनुदानाचं काहीतरी. नुसतं पासबुक असेल तर कुणीतरी सगळ्यांच्या खात्यावर पैसे टाकलेत. यातलं काही खरं असतं. काही उघड फसवणूक असते, तिच्याबद्दल पोलीस अन् बँका रोज ओरडून सांगतात. मला लिहायचंय ते तिसऱ्या प्रकाराबद्दल. कुणीतरी हसण्यासाठी लिहिलेली बातमी, जी बीड जिल्ह्यातल्या आमच्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर पक्की सरकारी होऊन आलेली असते. त्याच त्या चुका समजावून सांगायचा आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

बातमीचं शेपूट कापून पाठवणे

ही सगळ्या चुकांची आई. लाडकी बहीण योजनेचा जीआर निघाला २८ जून २०२४ ला, महिना दीड हजार. पाठोपाठ जुलैत युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीला दहा. तिचं नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून ती 'लाडका भाऊ' झाली. बहीण झाली, भाऊ झाला. मग पुढच्या धुळवडीला आमच्या भागातल्या एका फेसबुक पेजवाल्यानं 'लाडका जावई योजना' जाहीर करून टाकली.

पोस्ट चांगली होती, नाही म्हणत नाही. अट एक, जावयाचं वय २१ ते ६५. अट दोन, लग्नानंतर किमान एकदा सासुरवाडीला रुसलेला असावा, सासऱ्याचं हमीपत्र आवश्यक. अट तीन, मागच्या धोंड्याच्या महिन्यात चांदीचं ताट मिळालेलं नसावं. अट चार, सासरी सलग पंधरा दिवस मुक्काम करूनही कुणी जा म्हणालं नाही असा ग्रामपंचायतीचा दाखला. अन् शेवटी बारीक अक्षरात: योजना फक्त आज सूर्यास्तापर्यंत लागू, रंग खेळा, पाणी जपून वापरा.

आता मोबाईलच्या एका स्क्रीनमध्ये काय मावतं? मंत्रालयाचा फोटो, मोठ्या अक्षरातलं नाव आणि पहिल्या दोन अटी. तेवढ्याचा कुणीतरी स्क्रीनशॉट काढला. तिथं चांदीचं ताट गेलं, मुक्काम गेला, सूर्यास्त गेला. संध्याकाळपर्यंत एका नव्या पोर्टलवाल्या पोरानं त्या स्क्रीनशॉटचीच 'मोठी बातमी' करून व्हिडिओ सोडला. बूम, म्हणजे चॅनलवाल्यांचा माईक, हातात येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. खाली पट्टी, मागं धडधड म्युझिक, आणि 'सर्वात आधी आमच्या चॅनलवर'. सर्वात आधी कशाला लागतं हे मला आजवर कळलेलं नाही. बाजार समितीत माल आहे का, की आधी नंबर लावला तर आधी काटा होईल?

दुसऱ्या दिवशी एक आबा आले. धोतर, टोपी, पिशवीत कागदं.

"साहेब, जावयाचा फॉर्म."

"कोणता, आबा?"

"लाडका. दीड हजारवाला."

"आबा, ती धुळवडीची थट्टा होती."

"थट्टा कशी? वर मंत्रालयाचा फोटू हाय. आन आमचा जावई बसतोय की अटीत. दोन वरसं झाली रुसून, पोळ्याला बी आला नाही."

त्यांनी पिशवीतून बाँड काढला. पाचशेचा. २०२४ च्या दिवाळीआधी शंभराचा बाँड गेला अन् पाचशेचा आला. त्यावर टाईप केलं होतं की माझा जावई हा लग्नानंतर रुसलेला असून सदर बाब सत्य आहे. खाली सही, अंगठा आणि दोन साक्षीदार. लिहून देणाऱ्यानं हे टाईप करताना एकदाही मान वर करून बघितलं नसेल का? (बघितलं असेल. त्याला टायपिंगचे पैसे मिळाले.) जाता जाता सांगतो, जात, उत्पन्न, रहिवासी असल्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागतच नाही. तरी लोक बाँड घेऊन येतात, कारण बाँड दिसला की काम पक्कं वाटतं.

मी आबांना मूळ पोस्ट शेवटपर्यंत वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बहिणीच्या टायमाला बी लोक असंच म्हनायलते. फुकट कोन देतंय म्हनले. आले का न्हाई पैशे?"

याच्यावर काय बोलणार? आबांचा हिशेब चुकला नव्हता. त्यांच्यापर्यंत आलेला कागद अर्धा होता.

पेजवाल्याला नंतर भेटलो तेव्हा तो म्हणाला, आपल्या लोकांना विनोदच कळत नाही. त्याला म्हणलं, विनोद पाचव्या ओळीत अन् मंत्रालय पहिल्या ओळीत ठेवल्यावर कुणाला कळणार? थट्टा करायची तर पहिल्याच ओळीत करा, फोटोवरच मोठ्या अक्षरात 'धुळवड विशेष' छापा, म्हणजे स्क्रीनशॉट कुठूनही कापला तरी ते सोबत जाईल. अन् गरिबाला ज्यासाठी कागद काढावा लागतो, अशा गोष्टीवर थट्टा करू नका. पुढाऱ्यांवर करा की. तिथं माल कमी आहे का?

माझी सवय साधी आहे. कुणी बातमीचा फोटो दाखवला की मी वाचतच नाही, 'लिंक पाठव' म्हणतो. बहुतेक जण परत येत नाहीत. लिंक आलीच तर आधी पेजचं नाव, मग तारीख, मग सगळ्यात शेवटचा परिच्छेद, अन् मग मथळा. पोरांना हे उलटं वाचणं कंटाळवाणं वाटतं. वाटू द्या.

'असं कुठं असतंय का?' एवढ्यावरच विसंबणे

शहाणी समजली जाणारी माणसं इथं फसतात. त्यांचं म्हणणं, जरा डोकं लावलं तर खरं-खोटं आपोआप कळतं. पुण्या-मुंबईत कळत असेल. मराठवाड्यात डोकं लावून काही उपयोग नाही, कारण इथं खरी बातमीच थट्टेच्या वरताण असते.

मार्च २०१६ मध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, कलम १४४. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटरच्या आसपास. आधीच्या वर्षी कुणी 'लातूरला आता रेल्वेनं पाणी' असं धुळवडीच्या अंकात छापलं असतं तर लोक हसले असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मराठवाड्याला लागून असलेल्या बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला आणि सगळा खर्च वजा जाता त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. चेकचा फोटो फिरला तेव्हा माझ्या ओळखीतले शिकलेले लोक 'एडिट केलाय' म्हणत होते. शेतकऱ्यांनी मात्र एका सेकंदात ओळखलं की हा खरा आहे.

अन् जावयाचंच म्हणाल तर केज तालुक्यातल्या विडा गावात दर धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून वाजतगाजत मिरवतात आणि नंतर आहेरही करतात. ऐंशीहून जास्त वर्षांची परंपरा आहे. जावई त्या दिवसांत लपून बसतात, गावकरी हुडकून आणतात. हे खरं आहे, आणि दीड हजाराची योजना खोटी. आता डोकं लावून ओळखा.

म्हणून योजना असेल तर मी जीआर बघतो. राज्य सरकारच्या प्रत्येक शासन निर्णयात शेवटी एक वाक्य असतं की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. हा आकडा अठरा अंकी असतो आणि पहिले आठ अंक म्हणजे साल, महिना, तारीख. लाडक्या बहिणीचा २०२४०६२८ नं सुरू होतो. तो आकडा संकेतस्थळावर टाकून शोधा. जीआर निघाला तर कागद काढायला लागा, नाही निघाला तर घरी जा. याला पाच मिनिटं लागतात. 'साहेब, तुम्हीच बघा ना' म्हणणाऱ्यांकडं नेमकी तीच पाच मिनिटं नसतात, रीलला मात्र तासभर असतो.

पाठवणाऱ्याच्या वजनावर जाणे

'सरांनी टाकलंय', 'डॉक्टरसाहेबांच्या ग्रुपवर होतं', 'तहसीलमधल्या माणसानं पाठवलंय'. अहो, पाठवणारा मोठा असला म्हणून त्यानं वाचलेलं असतं असं थोडंच आहे?

अमेरिकेत ओनियन नावाचं थट्टेचं वर्तमानपत्र १९८८ पासून आहे. २०१२ मध्ये त्यांनी उत्तर कोरियाच्या किम जोंग उनला वर्षातला सर्वात आकर्षक पुरुष ठरवलं. चीनच्या पीपल्स डेली या सरकारी पत्राच्या वेबसाइटनं ते खरं धरून किमचे तब्बल ५५ फोटो लावले. त्याच वर्षी इराणच्या फार्स वृत्तसंस्थेनं ओनियनचीच बातमी उचलली, की अमेरिकेतल्या खेड्यातल्या गोऱ्या लोकांना ओबामांपेक्षा इराणचे तेव्हाचे अध्यक्ष अहमदीनेजाद बरे वाटतात. २०१५ मध्ये फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचे माजी उपाध्यक्ष जॅक वॉर्नर स्वतःच्या बचावाच्या व्हिडिओत ओनियनची बातमी पुरावा म्हणून हातात धरून बसले. आपल्याकडं फेब्रुवारी २०२० मध्ये पंतप्रधानांनी लोकसभेत ओमर अब्दुल्लांच्या नावावर ३७० कलमाबद्दलचं एक विधान सांगितलं. त्याचा माग काढला तेव्हा तो फेकिंग न्यूज या विनोदी साइटच्या २०१४ मधल्या मजकुरापाशी गेला. लोकसभेपर्यंत जी गोष्ट अडली नाही, ती तुमच्या भावकीच्या ग्रुपवर अडेल असं वाटतंय का?

बारीकसारीक, पण रोजच्या

फॉरवर्ड मेसेजच्या वर दिसणारे दोन बाण म्हणजे 'लई जणांनी पाठवलंय, खरंच असणार' असं समजणे. व्हॉट्सॲप ते दोन बाण सावध करायला लावतं. मेसेज पाच किंवा जास्त हातांतून आलाय, मूळ कुणाचा ते कळायला मार्ग नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून तर असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढं पाठवता येतो.

लाल पट्टी आणि चॅनलचा लोगो बघून विश्वास ठेवणे. अशी पट्टी नववीतलं पोरगं बसस्टँडवर बसून बनवतं.

एक एप्रिल आणि धुळवड या दोन दिवसांची तारीख न बघणे. बीबीसीनं १ एप्रिल १९५७ ला झाडाला शेवया लागल्याचं दाखवलं तेव्हा लोकांनी रोप कुठं मिळेल म्हणून फोन केले होते.

इंग्रजीतली थट्टा हिंदीत, हिंदीतली मराठीत आल्यावर ओळखू येईल असं समजणे. भाषांतरात पहिल्यांदा विनोदच गळतो. २००९ मध्ये बांगलादेशातल्या दोन दैनिकांनी नील आर्मस्ट्राँग चंद्रावर गेलो नाही म्हणाला असं छापलं अन् नंतर माफी मागितली. मूळ पुन्हा ओनियनच.

मोबाईलला विचारून मोकळं होणे. हा नवा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. मे २०२४ मध्ये गूगलच्या एआय उत्तरानं रोज निदान एक छोटा दगड खावा असा सल्ला दिला होता, कारण त्यानं ओनियनची थट्टा गंभीरपणे वाचली होती. (रेशनच्या तांदळातून आम्ही तो आधीपासून घेतोय, ते सोडा.) जो स्वतः फसतो त्याला साक्षीला उभं करू नका.

'खरं-खोटं माहीत नाही, पण काळजी म्हणून पाठवतोय'

हे वाक्य दिसलं की माझं डोकं फिरतं. योजनेच्या थट्टेत पाचशे रुपये जातात, भूकंपाच्या थट्टेत अख्खं गाव रात्र रस्त्यावर काढतं. ज्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट किल्लारीच्या आसपास पाहिलीय त्यांच्यासमोर 'आज रात्री पुन्हा' असला मेसेज गंमत म्हणूनसुद्धा धरू नका. २०२४ मध्ये मार्चला आणि जुलैला हिंगोली-नांदेड-परभणीकडं धक्के बसले, दोन्ही वेळा तीव्रता ४.५ पर्यंत गेली. असं काही झालं की कुणीतरी वेळ अन् रिश्टर टाकून मेसेज बनवतोच. कुठल्या दिवशी, किती वाजता भूकंप होईल हे जगात कुणालाही आधी सांगता येत नाही. ज्या मेसेजमध्ये वेळ लिहिलीय तो खोटा, पुढं वाचायचीही गरज नाही. काळजी असेल तर तुमच्या आईला फोन करा, ग्रुपवर टाकू नका.

पाठवून झाल्यावर गप्प बसणे

खोटं निघालं की बहुतेक जण हळूच ग्रुप म्यूट करतात. दुसरी जात त्याहून वाईट, जी पाठवणाऱ्याला ग्रुपवर 'अडाणी' म्हणून झोडपते. मग तो माणूस इरेला पेटतो आणि तीच बातमी आणखी चार ठिकाणी टाकतो. म्हातारं माणूस असेल तर वेगळा फोन करून सांगावं, "मामा, ती गंमत होती, तेवढं काढून टाका." मामा काढतात.

'सर्वांसाठी डिलीट' करायला व्हॉट्सॲप साधारण अडीच दिवस देतं. ती मुदत गेली असेल तर नवा मेसेज टाकू नका, पहाटेच्या शुभ सकाळच्या फुलांखाली तो कुणाला दिसत नाही. त्या जुन्या मेसेजवरच बोट दाबून रिप्लाय करा, म्हणजे फोटो अन् खुलासा एकाखाली एक दिसतात. आणि दोनच ओळी लिहा: ही धुळवडीची थट्टा आहे, कुणीही बाँड काढू नये.